फसव्या जाहिराती आणि घातक सॉफ्टवेअर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

संगणकाच्या सुरक्षिततेविषयी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी काही येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत. जवळजवळ प्रत्येक पत्रात ‘माझ्याच हातून चूक झाली’ असे कुठे ना कुठे लिहिलेले आहे आणि तेच वाचून अधिक वाईट वाटते, कारण या लाजेमुळेच माणसे तक्रार करायला उशीर करतात. फसवणूक करणारे दिवसभर हेच काम करतात आणि आपण मात्र भाव पाहायला, अर्ज भरायला किंवा पत्रिका छापायला संगणकासमोर बसलेलो असतो, हे आधी मनाशी स्पष्ट असावे.

प्रश्न : मी केळी उत्पादक आहे. रोज सकाळी बऱ्हाणपूरचे भाव आणि हवामान पाहण्यासाठी एका नामांकित वर्तमानपत्राचे संकेतस्थळ उघडतो. परवा भावांचा तक्ता वाचत असताना एकाएकी सगळा पडदा लाल झाला, कर्कश भोंगा वाजू लागला आणि ‘तुमचा संगणक बंद करण्यात आला आहे, या क्रमांकावर ताबडतोब फोन करा’ असा मजकूर मायक्रोसॉफ्टच्या नावाने झळकला. मी कुठेही क्लिक केलेले नव्हते. एवढ्या मोठ्या वर्तमानपत्राच्या पानावर असे कसे घडते? — एक शेतकरी, रावेर तालुका

उत्तर : छापील अंकातली जाहिरात छपाईपूर्वी वर्तमानपत्राच्या कार्यालयात कोणीतरी डोळ्यांखालून घातलेली असते. संकेतस्थळावरील बहुतेक जाहिरातींचे तसे नसते. तेथे पानावर केवळ एक रिकामी चौकट ठेवलेली असते. आपण पान उघडताच ती चौकट जाहिरातींच्या बाजारात लिलावाला निघते, आपले ठिकाण, आपला ब्राउझर आणि आपली आवड यांच्या अंदाजावरून निरनिराळे खरेदीदार बोली लावतात आणि ज्याची बोली सर्वांत मोठी त्याचा मजकूर त्याच्या किंवा तिसऱ्याच कोणाच्या सर्व्हरवरून त्या चौकटीत येऊन बसतो. हे सगळे पापणी लवण्याच्या आत घडते. त्यामुळे आपल्याला काय दिसले हे वर्तमानपत्राच्या संपादकांनाही ठाऊक नसते, आणि शेजारच्या माणसाने तेच पान उघडले तर त्याला वेगळीच जाहिरात दिसते. म्हणूनच अशी तक्रार केली की ‘आमच्याकडे तर पान व्यवस्थित दिसते’ असे उत्तर मिळते आणि ते खोटे नसते.

हा प्रकार नवा नाही. सप्टेंबर २००९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या संकेतस्थळावर वाचकांना बनावट अँटिव्हायरसची जाहिरात दिसू लागली. इंटरनेटवरून दूरध्वनी सेवा देणाऱ्या एका परिचित कंपनीचे नाव सांगून कोणीतरी जाहिरातीची जागा घेतली होती, आधी साध्या जाहिराती दाखवल्या होत्या आणि शनिवार-रविवार गाठून मजकूर बदलला होता. मार्च २०१६ मध्ये तर बीबीसी, एमएसएन, एओएल आणि पुन्हा न्यूयॉर्क टाइम्स अशा संकेतस्थळांवरील जाहिरातींतून ‘अँग्लर’ नावाचे साधन पसरवले गेले. ते ब्राउझरला जोडलेल्या फ्लॅशसारख्या जुन्या पूरक सॉफ्टवेअरमधील त्रुटी शोधून, वापरकर्त्याने बोटही न हलवता, संगणकात शिरत असे. अ‍ॅडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशची सेवा संपवली, ब्राउझर स्वतःहून अद्ययावत होऊ लागले आणि अशी न सांगता होणारी घुसखोरी बरीच अवघड झाली. तेव्हापासून या लोकांनी आपला भर संगणकाकडून माणसाकडे वळवला आहे. आता ते दार फोडत बसत नाहीत, आपल्याला घाबरवून आपल्याच हाताने ते उघडून घेतात.

आपण पाहिलेला लाल पडदा हे त्याचेच उदाहरण आहे. ते एक साधे वेबपान असते, त्याने ब्राउझरला पूर्ण पडदा व्यापायला लावलेले असते आणि भोंगा म्हणजे एक ध्वनिफीत असते. संगणक त्या वेळी लॉक झालेला नसतो. अशा वेळी एस्केपची कळ काही क्षण दाबून धरावी. पडदा न हटल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ब्राउझर तेथून बंद करावा. तेही न जमल्यास संगणकाचे बटण दाबून धरून तो बंद केला तरी चालेल. पुन्हा ब्राउझर उघडल्यावर ‘आधीची पाने पुन्हा उघडू का’ असे तो विचारील, त्याला नकार द्यावा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात दूरध्वनी क्रमांक कधीही नसतो, ही एकच खूण लक्षात ठेवली तरी पुरेशी आहे.

आपण फोन केला नाही, हे फार चांगले झाले. जे फोन करतात त्यांना दुरून संगणक चालवण्याचे एखादे अ‍ॅप उतरवायला सांगितले जाते आणि मग पलीकडचा माणूस ‘इव्हेंट व्ह्यूअर’ ही विंडोजची नोंदवही उघडून त्यातील लाल खुणा व्हायरस म्हणून दाखवतो. अशा नोंदी प्रत्येक निरोगी विंडोज संगणकात असतात. हे वाचणाऱ्या कोणी तसा ताबा आधीच दिला असेल, तर त्यांनी प्रथम इंटरनेट तोडावे, बँकेला कळवावे, ते अ‍ॅप काढून टाकावे आणि पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदलावेत. ज्या संगणकाचा ताबा गेला होता त्यावरूनच नवे पासवर्ड टाइप केले तर तेही चोराच्या हाती पडण्याची शक्यता राहते.

प्रश्न : माझ्या संगणकाच्या कोपऱ्यात दर थोड्या वेळाने ‘पाच व्हायरस सापडले’, ‘आपले अँटिव्हायरस आज संपत आहे’ अशा चौकटी येतात. दुरुस्तीवाल्याने संगणक फॉरमॅट करावा लागेल असे सांगितले आहे. त्यात माझे पंचवीस वर्षांचे लेखन आहे. काय करावे? — एक निवृत्त शिक्षक, अमळनेर

उत्तर : सर, कृपया फॉरमॅट करू नका. आपण वर्णन केलेल्या चौकटी बहुतेक वेळा व्हायरसच्या नसतात, त्या ब्राउझरच्या सूचना असतात. एखाद्या संकेतस्थळाने ‘आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ असे म्हटले असेल आणि ते दाबले गेले असेल, तर त्या संकेतस्थळाला आपल्या पडद्यावर केव्हाही चौकट टाकण्याची परवानगी मिळते. क्रोममध्ये सेटिंग्ज, त्यात प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज आणि त्यात नोटिफिकेशन्स असे जावे. तेथे परवानगी मिळालेल्या संकेतस्थळांची यादी दिसेल. त्यातील अनोळखी नावे काढून टाकावीत आणि यापुढे कोणत्याही संकेतस्थळाला अशी परवानगी मागता येऊ नये, असा पर्याय निवडावा. एज आणि फायरफॉक्समध्येही अशीच यादी असते. मात्र या दरम्यान एखाद्या चौकटीवर क्लिक करून आपण काही उतरवून घेतले असेल, तर विंडोजमधील डिफेंडर या अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी करून घ्यावी. आणि आपले लेखन आजच बाहेरील हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा, कारण डिस्क जुनी होऊन बंद पडायला व्हायरसची गरज लागत नाही.

प्रश्न : माझा डीटीपीचा व्यवसाय आहे. लग्नसराईत पत्रिकांचे काम खूप असते, पण मूळ सॉफ्टवेअरची वर्गणी परवडत नाही, म्हणून गावातले बहुतेक जण क्रॅक वापरतात. तो टाकताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. यात खरोखर धोका असतो, की कंपन्या घाबरवतात? दुसरे असे की, मोफत सॉफ्टवेअर तरी शोधयंत्रावर पहिले येईल ते घ्यावे ना? — एक व्यावसायिक, धुळे

उत्तर : दोन्ही प्रश्न जिव्हाळ्याचे आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. क्रॅक हा मूळ सॉफ्टवेअरच्या परवाना-तपासणीला चुकवणारा प्रोग्राम असतो आणि तो बनवणारा माणूस अनोळखी असतो. अँटिव्हायरस त्याला अडवतो तेव्हा त्याचे दोन अर्थ होऊ शकतात : केवळ परवाना चुकवला म्हणून अडवले, किंवा आत खरोखर काही घातक आहे म्हणून अडवले. बाहेरून हे दोन्ही अगदी सारखे दिसतात आणि ‘अँटिव्हायरस बंद करा’ या सूचनेमुळे आपण तो फरक कळण्याचा एकमेव मार्ग बंद करून टाकतो. ‘स्टॉप’ या नावाने ओळखले जाणारे खंडणीखोर सॉफ्टवेअर प्रामुख्याने अशा क्रॅकमधूनच जगभरातील घरगुती संगणकांत पसरले. ते सगळ्या फायली कुलूपबंद करते आणि किल्लीसाठी पैसे मागते. ज्या व्यवसायात ग्राहकाची पत्रिका दुसऱ्या दिवशी छापून द्यायची असते, तेथे याचा अर्थ काय होतो हे आपल्याला सांगायला नको.

तशी वेळ आलीच तर खंडणी भरण्याआधी ‘नो मोअर रॅन्सम’ हे संकेतस्थळ पाहावे. युरोपोल, नेदरलँड्सचे पोलीस आणि दोन सुरक्षा कंपन्या यांनी ते जुलै २०१६ मध्ये सुरू केले असून काही प्रकारच्या कुलपांच्या किल्ल्या तेथे मोफत मिळतात. सगळ्यांच्या मिळत नाहीत, त्यामुळे खरा आधार आपल्या फायलींच्या जादा प्रतीचाच असतो. ती ज्या डिस्कवर ठेवाल ती काम झाल्यावर संगणकापासून काढून ठेवावी, कारण जोडलेली डिस्कही कुलूपबंद होते.

परवडण्याचा प्रश्न खरा आहे आणि त्याला ‘विकत घ्या’ एवढेच उत्तर देणे बरे नव्हे. इंकस्केप, स्क्रायबस आणि गिंप ही मुक्त सॉफ्टवेअर कायदेशीरपणे मोफत मिळतात आणि इंकस्केपमध्ये युनिकोड देवनागरीची जोडाक्षरे नीट उमटतात. अडचण जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये केलेल्या फायलींची आहे. त्या फायली जशाच्या तशा तेथे उघडणार नाहीत, मजकूर बदलून घ्यावा लागेल. म्हणून एका लग्नसराईच्या मध्यावर नव्हे, तर मंदीच्या महिन्यांत नव्या कामांपासून हा बदल सुरू करावा, असे माझे मत आहे.

आता शोधयंत्राविषयी. शोधल्यानंतर सर्वांत वर ज्या दोन-तीन ओळी येतात, त्या पुष्कळदा विकत घेतलेल्या जागा असतात आणि त्यांवर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ असे लिहिलेले असते. व्हीएलसी, ओबीएस, सेव्हन-झिप यांसारख्या मोफत सॉफ्टवेअरच्या नावांनी अशा जाहिराती देऊन, एखाद्या अक्षराच्या फरकाचा पत्ता वापरून आणि हुबेहूब तसेच पान उभारून घातक फाइल गळ्यात बांधण्याचे प्रकार वारंवार उघडकीस आले आहेत. प्रिंटरचे ड्रायव्हर आणि कंपन्यांचे ‘कस्टमर केअर’ क्रमांक शोधणाऱ्यांसाठीही हेच सापळे लावलेले असतात. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने या प्रकाराबद्दल जाहीर इशारा दिला आणि शोध घेताना जाहिराती अडवणारे पूरक सॉफ्टवेअर वापरावे असा सल्लाही दिला. एका सरकारी तपास यंत्रणेला असा सल्ला द्यावा लागतो, यावरून जाहिरात-व्यवसायाने आपली जबाबदारी किती सोडून दिली आहे ते दिसते.

तेव्हा ‘प्रायोजित’ ओळीवरून कोणतेही सॉफ्टवेअर कधीही घेऊ नये. निर्मात्याचा पत्ता स्वतः टाइप करावा, प्रिंटरचा पत्ता त्याच्या पुस्तिकेत किंवा खोक्यावर छापलेला असतो, तो वापरावा. फायरफॉक्समध्ये ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे जाहिरातरोधक पूर्ण क्षमतेने चालते. क्रोमने पूरक सॉफ्टवेअरचे नियम बदलल्यामुळे तेथे त्याची ‘लाइट’ ही मर्यादित आवृत्ती वापरावी लागते, तरीही ती नसण्यापेक्षा पुष्कळ चांगली आहे. मराठी वृत्तसंकेतस्थळे आणि नियतकालिके जाहिरातींवर चालतात याची मला जाणीव आहे. जे आपल्याला आवडते त्याची वर्गणी भरावी, पण त्यासाठी आपला संगणक उघडा ठेवावा असे मी कोणालाही सांगणार नाही.

प्रश्न : प्रकल्पासाठी एक पुस्तक शोधत असताना एका पानाने मी माणूस आहे याची खात्री मागितली. त्यात विंडोज आणि आर या कळा दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर, असे लिहिले होते. मी तसे केले. एक काळी चौकट क्षणभर दिसून नाहीशी झाली. त्यानंतर काहीच झाले नाही. तरी काळजी करावी का? — एक विद्यार्थिनी, भुसावळ

उत्तर : होय, काळजी करावी आणि आजच पावले उचलावीत. ‘काहीच झाले नाही’ असे वाटणे हाच त्या युक्तीचा हेतू असतो. त्या पानाने आपल्या नकळत एक आज्ञा संगणकाच्या क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेला मजकूर तात्पुरता राहतो त्या जागी, ठेवली होती. विंडोज आणि आर दाबल्यावर ‘रन’ची चौकट उघडते, कंट्रोल आणि व्ही दाबल्यावर ती आज्ञा तिथे चिकटते आणि एंटर दाबल्यावर आपल्याच अधिकाराने ती पार पडते. वापरकर्त्याने स्वतः दिलेली आज्ञा असल्यामुळे ब्राउझरचे पहारे तेथे उपयोगी पडत नाहीत. २०२४ पासून ही युक्ती फार पसरली आहे. खात्री पटवणारे कोणतेही खरे पान ‘रन’ची चौकट उघडायला सांगत नाही.

या मार्गाने बहुतेक वेळा माहितीचोर सॉफ्टवेअर येते. ‘लुमा’ हे त्यातले कुप्रसिद्ध नाव आहे. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अनेक देशांच्या तपास यंत्रणांनी त्याच्यावर कारवाई केली, तेव्हा अवघ्या दोन महिन्यांत त्याची लागण झालेले ३ लाख ९४ हजार विंडोज संगणक आढळल्याचे मायक्रोसॉफ्टने सांगितले होते. असे सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तर उचलतेच, शिवाय ‘कुकी’सुद्धा उचलते. आपण एकदा लॉगिन केल्यावर संकेतस्थळ आपल्याला ओळखते ते कुकीमुळे. ती चोराच्या हाती गेली की त्याला पासवर्ड किंवा ओटीपी न देताही आपल्या खात्यात शिरता येते, म्हणून नुसता पासवर्ड बदलणे पुरेसे होत नाही.

संगणकाचे इंटरनेट तोडावे. घरातील दुसऱ्या उपकरणावरून सर्वांत आधी ईमेलचा पासवर्ड बदलावा, कारण बाकीच्या खात्यांच्या किल्ल्या ईमेलमधूनच मिळतात, आणि त्याच ठिकाणी ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय निवडावा. मग बँक, मग समाजमाध्यमे. संगणकावर डिफेंडरची ऑफलाइन तपासणी करावी, आणि या एका बाबतीत मात्र, आपल्या फायली बाजूला काढून विंडोज नव्याने टाकणे हाच मला सर्वांत निर्धास्त मार्ग वाटतो. आपण घरी हे सांगितले नसेल तर सांगा, कारण त्या संगणकावर घरच्या इतर कोणाचे बँक खाते उघडले गेले असेल तर त्यांनाही पासवर्ड बदलावे लागतील.

प्रश्न : मी सेवा केंद्र चालवतो. दिवसभर लोक पेनड्राइव्ह आणि मोबाइलवरून कागदपत्रे आणतात. माझे दोन्ही संगणक विंडोज १० वर आहेत. चांगले अँटिव्हायरस कोणते घ्यावे? — एक केंद्रचालक, शहादा

उत्तर : अँटिव्हायरसच्या आधी विंडोजचा विचार करावा. विंडोज १० ची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. संगणक चालू राहतो, पण नव्याने सापडणाऱ्या त्रुटी बुजवल्या जात नाहीत. मायक्रोसॉफ्टने वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी विस्तारित सुरक्षा सेवा जाहीर केली, तिच्यात नाव नोंदवणे हा तात्पुरता उपाय आहे. संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत असेल तर तेथे जावे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर सॉफ्टवेअरने जगभर हाहाकार केला, ते विंडोजमधील ज्या त्रुटीतून शिरले ती बुजवणारे अपडेट दोन महिने आधीच उपलब्ध होते. ज्यांनी ते टाकले नव्हते त्यांचेच नुकसान झाले.

अँटिव्हायरस म्हणून विंडोजमधील डिफेंडर चालू आणि अद्ययावत असेल तर तो आपल्या कामाला पुरेसा आहे असे माझे मत आहे. विकत घ्यायचाच असेल तर एकच घ्यावा, दोन एकत्र टाकू नयेत. त्याहून अधिक उपयोग एका बिनखर्चाच्या गोष्टीचा होतो : रोजचे काम ‘स्टँडर्ड’ खात्यातून करावे आणि ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ खाते, त्याच्या वेगळ्या पासवर्डासह, फक्त सॉफ्टवेअर टाकताना वापरावे. फाइल एक्सप्लोररमध्ये फायलींची शेपटी, म्हणजे एक्स्टेन्शन, दिसेल असे करून ठेवावे, म्हणजे पीडीएफचे चित्र लावून आलेली ‘ईएक्सई’ फाइल ओळखू येते. पेनड्राइव्हमधील सगळ्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसू लागले तर त्यांपैकी एकही उघडू नये. मूळ फायली बहुधा लपवलेल्या असतात, त्या गेलेल्या नसतात. भारत सरकारच्या सर्ट-इन या संगणक-सुरक्षा संस्थेचे सायबर स्वच्छता केंद्र फेब्रुवारी २०१७ पासून संगणक स्वच्छ करणारी साधने मोफत देते. ती ‘सीएसके डॉट गव्ह डॉट इन’ या पत्त्यावरूनच घ्यावीत.

आपल्या केंद्रात लोकांचे आधार, सातबारा, जातीचे दाखले आणि बँक पुस्तके येतात. तळोदा-धडगावकडून एका दाखल्यासाठी दिवस मोडून येणाऱ्या माणसाला आपली कागदपत्रे कोणत्या संगणकात राहिली हे विचारायचे सुचत नाही, म्हणून ते आपणच पाहायला हवे. ग्राहकाला ईमेल उघडायचा असेल तर खासगी विंडोत उघडून द्यावा, पासवर्ड साठवू का असे ब्राउझरने विचारल्यास नकार द्यावा आणि काम झाल्यावर त्यांच्या फायली संध्याकाळी पुसून टाकाव्यात.

प्रश्न : नात्यातील एकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून लग्नपत्रिका म्हणून एक फाइल आली. ती उघडल्यावर मोबाइलने काही परवानग्या मागितल्या, मी दिल्या. दुसऱ्या दिवशी यजमानांच्या खात्यातून रक्कम गेली. आता ती परत मिळेल का? — एक गृहिणी, चोपडा

उत्तर : ताई, ती फाइल पत्रिका नव्हती, ‘एपीके’ म्हणजे अ‍ॅप होते. पत्रिका ही छायाचित्र किंवा पीडीएफ असते, तिला एसएमएस वाचण्याची परवानगी कधीच लागत नाही. ती परवानगी मिळाली की बँकेचा ओटीपी थेट चोराकडे जातो. पाठवणाऱ्या नातलगांचा दोष नसावा, त्यांचा मोबाइल आधीच बाधित झालेला असतो आणि तो सर्वांना तीच फाइल पाठवत राहतो. त्यांना फोन करून कळवावे.

रकमेविषयी खात्रीचे आश्वासन देता येत नाही, पण प्रत्येक तासाला महत्त्व आहे. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी, म्हणजे पैसा ज्या खात्यात गेला तेथे तो गोठवण्याचा प्रयत्न होतो. ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ येथेही तक्रार करता येते. बँकेला त्याच दिवशी लेखी कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाचा किंवा बँकेचा दोष नसताना त्रयस्थामुळे व्यवहार झाला असेल आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवले असेल, तर त्याच्यावर जबाबदारी येत नाही. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असे बँकेने म्हटले, तरीसुद्धा कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेनेच सोसायचे असते. त्यामुळे कळवल्याची तारीख आणि वेळ असलेली पोच घेतल्याशिवाय शाखेतून निघू नये. मोबाइल विमानप्रवासाच्या मोडवर टाकून ते अ‍ॅप काढावे आणि ते निघत नसेल तर मोबाइल पूर्ण पुसण्याआधी त्या फाइलचे व संदेशाचे छायाचित्र दुसऱ्या मोबाइलने काढून ठेवावे, कारण पोलीस ठाण्यात ते मागितले जाईल.